दिवा वाढला

"दिवा इझला म्हनू नाई, पोरी. वाढला म्हनाव. इझला म्हनलं का घरातलं काहीतरी त्याच्यासंगं जाते."

लग्न होऊन आल्या दिवशी, तिन्हीसांजेला, देवापुढची समई शांत करताना सासूनं हे सांगितलं, तेव्हा शकू सतरा वर्षांची होती. आता तेवीस. मधल्या वर्षांत तो शब्द तिच्या तोंडून एकदाही गेला नव्हता. बांगडी फुटत नाही, वाढते. कुंकू पुसत नाही, वाढतं. तसा दिवाही वाढतो. शकूला त्यात जड असं काही वाटलं नाही. रोज तुळशीला पाणी घातल्याशिवाय तोंडात घास घालायचा नाही, सोमवारी चूल पेटवायची पण आपण खायचं नाही, त्यातलंच हे एक. जिभेचं व्रत.

अडचण आली ती पुस्तकाची.

पुंडलिकरावांनी, तिच्या सासऱ्यांनी, मनावर घेतलं होतं की सुनेनं मॅट्रिक व्हावं. मारेगावला मुलींची शाळा निघणार होती आणि शिकवायला बाई मिळत नव्हती. "आपल्या घरात मास्तरीण झाली तं काय बिघडते?" असं ते पारावर चारचौघांत बोलून बसले होते, आणि बोललेलं मागे घेणाऱ्यांतले ते नव्हते. म्हणून शाळा सुटल्यावर ते स्वतः सुनेला घेऊन गावातल्याच, पिंपळडोहच्या एकखोली शाळेत जात. शकू आत फळ्यासमोर पदर सावरून बसे. ते ओसरीवर सुपारी कातरत. धर्मपाल मास्तर सामान्य विज्ञान शिकवत. घरी परतल्यावर सासू, तानाबाई, दारातच तिच्या अंगावर पाण्याचे थेंब शिंपडत. पुंडलिकरावांच्या अंगावर शिंपडत नसत. मास्तरांच्या वस्तीनं चार-पाच वर्षांमागं धर्म बदलला होता. तानाबाईंचं पाणी तेच होतं.

मूलद्रव्य, संयुग, मिश्रण. हे तीन शब्द शकू चुलीपुढे घोकत असे. लोखंड हे मूलद्रव्य. मीठ हे संयुग. हवा हे मिश्रण. तिनं आपल्या परीनं भर घातली होती : तांदळात खडे, हेही मिश्रण, निवडता येतं म्हणून. पाणी हे संयुग आहे असं वाचलं त्या दिवशी मात्र तिला जेवण गेलं नाही.

"गुरुजी, पाणी तं महाभूत आहे. पाचातलं एक."

"आहे ना."

"मग ते दोन वायूंचं कसं झालं?"

मास्तर खडू चिमटीत फिरवत राहिले. मग म्हणाले, "तुम्ही तुळशीला घालता, ते त्यानं कमी होते का बाई? घालत जा. पेपरात संयुग लिहा म्हणजे झालं."

दुसऱ्या दिवशी त्यांनी टेबलावर मेणबत्ती लावली आणि तिच्यावर काचेचा पेला पालथा घातला. ज्योत बारीक होत होत गेली. वर धुराची एक रेघ राहिली.

"काय झालं?"

"वाढली, गुरुजी."

"कोण वाढली?"

"ज्योत."

"वाढली? मोठी झाली?" मास्तर हसले नाहीत. पेला उचलून त्यांनी काळी वात दाखवली. "पेल्यातला प्राणवायू सरला. म्हणून ज्योत विझली. म्हणा, विझली."

शकूनं वहीत लिहिलं. हातानं लिहिलं. ओठ मिटलेले होते.

मग त्यांनी चुन्याची निवळी काढली आणि पपईच्या पोकळ देठातून तिला त्यात फुंकायला सांगितलं. नितळ निवळी बघता बघता दुधासारखी झाली. "हा तुमच्या श्वासातला कर्बवायू. हवेपेक्षा जड. खोल जागा असली का पाण्यासारखा तळाला साचतो. पालापाचोळा कुजला तिथंही तयार होते. त्यात दिवा राहत नाही, माणूसही राहत नाही."

पाण्यासारखा साचतो. हे एक वाक्य शकू भरल्या कळशीसारखं जपून घरी घेऊन आली. का, ते तिलाही कळलं नव्हतं.

वैशाख लागला आणि गावची विहीर खरवडली गेली. दोर सोडला की डोल दगडावर वाजे. बाया नाल्यात झिरा खोदून बसू लागल्या. वाटीवाटीनं कळशी भरायला दुपार लागे. तुळशीला शकू तांब्याऐवजी पळीभर पाणी घालू लागली आणि पळी घालताना माफी मागू लागली. तेव्हा पुंडलिकरावांनी ठरवलं, शेतातली खालची विहीर उघडायची. सात पुरुस, सात माणसं एकावर एक उभी राहतील इतकी खोल. सहा वर्षांमागं तिच्यात वासरू पडलं, ते काढता आलं नाही, तेव्हा तिच्यावर लाकडं टाकून, वर बाभळीचे काटे आणि पाला रचून तिचं तोंड बुजवलं होतं. गाळ काढला की पाणी लागणार, अख्ख्या गावाला पुरणार.

"तांड्यावरच्या खेमसिंगले सांगतलं मी," पुंडलिकराव जेवताना म्हणाले. "गुरुवारी उतरते थो."

वाढताना शकूचा हात थांबला. सहा वर्षं. पाला. वासरू.

शाळेला सुट्टी लागायचा तो दिवस होता. मास्तर सायकलला गाठोडं बांधत होते. शकूनं ओसरीवरच, सासऱ्यांदेखत, एका दमात सगळं सांगितलं. मास्तरांनी दोरी सोडली.

"सहा वर्षं बंद? मग आधी दिवा, नंतर माणूस. दिवा पार तळापर्यंत सोडा, मधे थांबू नका. जळत राहिला तरच माणूस उतरवा. नाही राहिला तर चुना विरवून त्याचं पाणी आत सगळीकडून शिंपा. दोन दिवस थांबा. पुन्हा दिवा."

"तुम्ही या न गुरुजी गुरुवारी."

मास्तरांनी पुंडलिकरावांकडे पाहिलं. पुंडलिकराव सुपारीत गुंतले होते. "तुमच्या विहिरीवर माझं काय काम, बाई," मास्तर हळूच म्हणाले. "तुम्हाला सगळं येते आता. तुम्ही आहात ना."

घरी येताना पुंडलिकराव म्हणाले, "खेमसिंग का आजचा हाये? चार गावच्या इहिरी उतरला थो." नवरा, सदाशिवराव, वखराचं पातं, पास, घासत होता. त्यालाही तिनं सांगून पाहिलं. तो हसला. "तू पुस्तक वाचून राह्यली तवापासून तुले सगळीकडं वायूच दिसते. परवा दूध उतू गेलं, त्यातबी वायू होता म्हने."

बुधवारी शकूला भाकरी भाजताना तीनदा चटका बसला.

गुरुवारी उन्हं चढायच्या आत सगळे विहिरीवर होते. काटे ओढून झाले होते. लाकडं बाजूला सारली तेव्हा आतून ओला, आंबूस वास वर आला आणि बसला. तोंडाजवळच्या भिंतीतून उंबराचं झुडूप आडवं फुटलं होतं. त्याच्या खाली काही दिसत नव्हतं.

खेमसिंग वाळल्या बाभळीसारखा माणूस. गुडघ्यांवर दगडांनी घासून पडलेले पांढरे डाग. त्याची बायको रुपीबाई, कोपरापर्यंत हाडाच्या बांगड्या, दोराला गाठ मारून ती दातानं ओढून बघत होती. खेमसिंगनं एक मूठ वाळलं गवत गोळा केलं आणि पेटवायला काडी काढली.

"हे काय?" तानाबाई पूजेचं ताट घेऊन उभ्या होत्या. साती आसरांची, पाण्यातल्या देवतांची, पूजा आत्ताच झाली होती. काठावर हळदीकुंकू, पाच लिंबं. "आसराइच्या जागेत जळतं टाकतं? प्यायचं पानी हाये थे!"

"हवा पाहा लागते, मावशी. जळत जळत खाली गेलं तं आपूनबी गेलो."

"नाही म्हनलं न. राख पडन."

खेमसिंगनं कान खाजवला. शकूनं पाहिलं, तो आता तसाच उतरेल. यजमानणीशी कोण हुज्जत घालतो? ती पुढे झाली. सगळ्यांसमोर, न विचारता बोलण्याची तिची ही पहिलीच वेळ.

"मी दिवा सोडतो. डब्यात ठेवून. आसराइले दिवा दिला असंच होईन, आत्याबाई."

तानाबाईंना ते पटलं. खेमसिंगनं शकूकडे नीट पाहिलं. "मास्तरनं सांगतलं?"

"हाव."

"माह्या बापानंबी मले थेच सांगतलं होतं, बाई. त्याच्यापाशी पुस्तक नोतं, एवढंच." आणि तो हसला. समोरचा एक दात पडलेला होता.

पत्र्याच्या डब्याची एक बाजू कापून शकूनं आत पणती बसवली. जवसाचं तेल घातलं. तानाबाईंनी डब्याला कुंकू लावलं. पुंडलिकराव आणि सदाशिवराव निंबाखाली बैलगाडीतून टोपली, फावडी उतरवत होते. खेमसिंग कमरेला दोर न बांधताच आत पाय टाकत होता. रुपीबाईनं त्याला मागे ओढलं.

"बांध."

"पाय ठेवाले दगड हायेत न वं."

"बांध म्हनलं!"

त्यानं बांधला. दोर चाकावरून घेऊन खांबाला दोन वेढे दिले, टोक रुपीबाईच्या हातात. खेमसिंग भिंतीतल्या तिसऱ्या दगडावर जाऊन थांबला. आता त्याचं फक्त मुंडासं दिसत होतं. उंबराच्या आडून त्याला खालचं काही दिसत नव्हतं. शकू पलीकडच्या काठावर पोटावर पडली. तिथून सरळ तळापर्यंत नजर जात होती. ती डबा सोडू लागली.

एक पुरुस. ज्योत पिवळी, ताठ. दोन. भिंतीवरचं शेवाळ उजळत गेलं. तीन. शकूच्या तोंडात जप चालू होता, राहू दे, राहू दे. चार पुरुसावर ज्योत एकदम आखूड झाली. वारा नव्हता. वरून कुणी तळहात दाबावा तशी ती वातीला चिकटली, निळी झाली, आणि नव्हतीच. डबा अंधारात गेला.

"खेमसिंगभाऊ!"

"हाव बाई. कसा काय हाये दिवा?"

"वाढला!"

"वाढला न? मंग झालं."

मुंडासं एक दगड खाली गेलं.

"वाढला, भाऊ! वाढला म्हंतो मी!"

"आयकलं वो बाई, आयकलं. इतकी कायले कल्ला करतं?" आवाजात हसू होतं. आवाज आणखी खाली गेला.

शकू तोंड उघडून दुसरा शब्द शोधत होती. तो होता. वहीत होता, तिच्याच अक्षरात होता. जीभ त्याच्याजवळ जाई आणि मागे फिरे, आणि पुन्हा हाती लागे तो तोच. "वाढला! वाढला!" समोरच्या काठावर तानाबाईंनी ऐकलं. त्यांचा चेहरा उतरला. त्यांनी ताट छातीशी धरलं, डोळे मिटले आणि ओठ हलवायला लागल्या.

दोर सैल पडला. मग झटक्यानं ताणला गेला. रुपीबाई दोन पावलं ओढली गेली आणि खांबावर आदळली.

"ओ जी!" ती ओरडली. "ओ! बोला न!"

आतून काही आलं नाही.

सदाशिवराव निंबाखालून धावत आला. त्यानं वाकून पाहिलं. "घसरला असन. थांबा, मी पाह्यतो," म्हणत पाय काठावरून आत टाकला.

शकूनं त्याचं धोतर दोन्ही मुठींत धरलं.

"इझला! दिवा इझला! इझला म्हंतो न मी, खाली हवा नाही, तुम्हीबी मरान!"

"शकू!" तानाबाईंच्या तोंडून चापट मारावी तसं नाव निघालं. पण सदाशिवरावाचा पाय बाहेर आला. त्यानं बायकोकडे पाहिलं, मग दोर धरला. पुंडलिकरावांनी धरला. शकूनं धरला.

चौघांनी ओढलं. दोर हातभर आला आणि अडकला. उंबराच्या मुळात.

"सैल सोडा!" रुपीबाई ओरडली. "सोडा, सोडा, आता इकडून!" तिनं दोराला आडवा झोका दिला. एकदा, दोनदा. तिच्या तळहातांची सालटी दोराला लागून राहत होती. दोर लाल होत होता. तिसऱ्या झोक्याला मूळ सुटलं. मग तो वर आला. मान खांद्यावर, पाय भिंतीला घासत, ओठ जांभळासारखे.

त्याला निंबाखाली पालथा घातला. सदाशिवराव पाठ चोळत होता. शकू पदरानं वारा घालत होती, वारा, आणखी वारा. तिला वाटत होतं, जगातली सगळी हवा त्याच्या नाकाशी आणून ठेवावी. किती वेळ गेला कुणास ठाऊक. मग त्याच्या छातीतून भात्यासारखा आवाज आला. तो ओकला. डोळे उघडले आणि त्यानं रुपीबाईकडे पाहिलं, पण ओळखलं नाही.

तोवर आरडाओरडा ऐकून गाव गोळा झालं होतं.

"काय झालं, पुंडलिकराव?"

पुंडलिकरावांनी घाम पुसला. त्यांची नजर सुनेवर गेली. तिच्या मोकळ्या झालेल्या केसांवर, हातातल्या दोरावर. मग ते माणसांकडे वळले.

"काय होते? सकायीच घेऊन आलता वाटते. वास येऊन राह्यलता मले."

माणसांनी माना हलवल्या. समजलं, अशा.

रुपीबाई नवऱ्याच्या डोक्यावर पाणी ओतत होती. तिनं मान वर केली. "माह्या मालकानं दहा वर्सांत हात नाही लावला. आमच्या सेवालाल महाराजाची आन घेतली हाये त्यानं."

"आन तं सगळेच घेते वो," मागून कुणीतरी म्हणालं. दोघं-तिघं हसले.

शकू उभी होती. मघाशी तीनदा मोकळी झालेली जीभ आता टाळूला चिकटून बसली होती. खेमसिंगला बैलगाडीत घातलं. गाडी तांड्याच्या वाटेला लागली. रुपीबाई मागे मागे चालत होती, दोन्ही हात पुढे धरून, पंजे उघडे, जणू त्यांत काही ठेवलेलं आहे.

घरी आल्यावर पुंडलिकरावांनी तिला ओसरीवर बोलावलं. आवाज चढवला नाही.

"तुह्यासाठी बोललो, पोरी. नाही तं गाव काय म्हनन? पुंडलिकरावाच्या सुनेनं मानूस इहिरीत घातला. मंग कोन तुह्यापाशी आपल्या पोरी शिकाले पाठवन?"

"पण मामाजी, थ्यो पिऊन..."

"पन नाही. झालं थे झालं. जगला न? जा, अभ्यास कर."

तिनं पुस्तक उघडलं. तेच पान होतं. ज्वलन. तिला अक्षरं दिसत होती, वाक्य होत नव्हतं. सासूनं त्या संध्याकाळी देवापुढे दिवा लावला आणि तो शांत झाला तेव्हा कुणी ना वाढला म्हटलं, ना इझला.

शनिवारपर्यंत चुना विरवून विहिरीत शिंपला. सदाशिवरावानं स्वतः घमेली वाहिली, बायकोला काही न विचारता, पण तिनं मास्तरांचं म्हणून जे सांगितलं होतं, अगदी तसंच. त्यानंतर सोडलेला दिवा तळाशी जाऊनही जळत राहिला. गाळ कुणी काढायचा ते ठरवायला सोमवारी सकाळी पारावर बसायचं ठरलं.

रविवारी झिऱ्यावर रुपीबाई होती. हातांना हळदीची फडकी बांधलेली. वाटी तिला नीट धरता येत नव्हती. शकूनं तिच्या हातातली वाटी घेतली आणि तिची कळशी भरायला लागली. कळशी अर्धी झाल्यावर तिनं विचारलं.

"कसं काय आहे त्याइले?"

"डोकं धरून पडून हाये. उठवत नाही." रुपीबाई वाळूकडे बघत होती. "दोन गावाइनं सांगून पाठवलं, येऊ नोको म्हनून. दारू पिऊन उतरनारा मानूस कोनाले पायजे? तांड्याच्या नायकानं त्याच्या खाटेपाशीच पंचायत बसवली. आन मोडली म्हने. पडल्या पडल्या त्यानं हात जोडले." तिनं नाक ओढलं. "हे सगळं राह्यलं बाजूले. मले एकच इचारते. म्हंते, रुपी, मी कानानं गेलो का वं? बाईनं काय म्हनलं होतं, वाढला का बुझला?"

वाटीतलं पाणी शकूच्या हातावर सांडलं.

"वाढला म्हनलं मी."

"मंग?"

"आमच्यात... इझला म्हनत नाही. अशुभ होते. इझला असला का वाढला म्हनाव लागते."

रुपीबाई तिच्याकडे बघत राहिली. रागानं नाही. एखादं अवजार उलटं धरून पाहावं तसं.

"आन आमच्यात वाढला म्हनलं का वाढला," ती म्हणाली. "बुझला म्हनलं का बुझला." मग कळशीकडे वळून, "मंग त्याचे कान चांगले हायेत. सांगतो त्याले. तेवढ्यानंबी उठून बसन थो."

"मी सांगतो."

"त्याले?"

"सगळ्याइले. मामाजी ज्याइच्यासमोर बोलले, थ्याच लोकाइसमोर. उद्या पारावर बसून राह्यले."

रुपीबाई हसली. हसताना तिच्या कानातलं हललं. "तू? पारावर जाशीन? सासऱ्याच्या तोंडावर सांगशीन का तुम्ही खोटं बोलले? घरात ठेवतीन का तुले?"

"माहीत नाही."

"थ्या पुस्तकाचं काय मंग?"

शकूला तेही माहीत नव्हतं. "म्हनलं न. उद्या. वचन हाये माहं."

"मी नाही येत त्या वक्ती," रुपीबाई कळशी उचलत म्हणाली. फडक्यांतल्या हातांनी ती डोक्यावर नीट बसेना. शकूनं टेकू दिला. "मी आली तं म्हनतीन, इनंच शिकवून आनली. तुह्यी तू जा."

सोमवार उजाडला तो घामातच. शकूचा उपास होता. तिनं आंघोळ केली, पूजा केली. बेल वाहताना एक पान उलटं पडलं. तिनं ते सुलटं केलं, आणि मग तिला वाटलं, राहू द्यायला हवं होतं. काय बोलायचं ते ती मनात जुळवत होती. वायू जड असतो, इथून सुरू केलं तर पारावरचे हसतील. मामाजींचं नाव आधी घेतलं तर ते उठून जातील. खेमसिंगभाऊ पिऊन नव्हता. एवढंच आधी. मग आपला शब्द. मग कोणी विचारलं तर वायू. तीन वाक्यं. मुलींच्या शाळेत वर्गभर पोरींपुढे काय बोलायचं, तेही तिनं असंच मनात जुळवून ठेवलं होतं. ती शाळा आता होईल की नाही, कुणी सांगावं. सुट्टीनंतरही मामाजी ओसरीवर सुपारी कातरत बसतील, पण एकटेच, घरच्या ओसरीवर.

सदाशिवराव शेतावर गेला होता. पुंडलिकराव डोक्याला पटका गुंडाळून मघाच पारावर गेले होते. तानाबाई दारात सूप घेऊन तूर निवडत बसल्या होत्या.

"कुठं चालली?"

"पारापर्यंत जाऊन येतो, आत्याबाई."

"पारावर बाया जात नाही."

"हाव."

तानाबाईंचा हात सुपात थांबला. त्यांनी वर बघितलं नाही. एक खडा त्यांनी चिमटीत धरला होता, तो टाकलाही नाही.

"मीबी आयकलं होतं," त्या सुपाकडे बघत म्हणाल्या. "मले समजलं होतं तू काय म्हंतं थे. त्याले अडवाचं सोडून मी डोये मिटून बसली."

शकू थांबली. सासू आणखी काही म्हणेल, जा म्हणेल किंवा जाऊ नको म्हणेल, असं तिला वाटलं. तानाबाईंनी खडा उंबऱ्याबाहेर टाकला आणि पुन्हा निवडायला लागल्या. मग म्हणाल्या, "ऊन हाये. उपास हाये तुले. पानी पिऊन जा."

शकू दोन घोट पाणी प्याली. भांडं पालथं ठेवलं. बाहेर आली तेव्हा पारावरून माणसांचं बोलणं ऐकू येत होतं, त्यात पुंडलिकरावांचं हसणं वेगळं ओळखू येत होतं. गावातल्या सुना त्या वाटेनं जाताना घरांच्या भिंतींना लागून, सावलीसावलीनं जात. शकूनं पदर नीट केला आणि ती वाटेच्या मधून चालायला लागली.